परांचीच्या बाजूची खोली

पहाटे साडेतीनला रावजीचा दिवस सुरू व्हायचा. गजर कधी लावला नाही. डोळे उघडले की पाय जमिनीवर. अंथरुणात लोळत पडणारा माणूस उंचावरच्या कामाचा नाही, असं त्याचं मत होतं आणि ते बरोबर आहे.

चहा व्हायचा, डब्यात भाकरी-भाजी पडायची आणि साडेचारला बहरीनमधल्या उम्म अल हस्सम वस्तीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. उन्हाळ्यात सूर्य तापायच्या आत वरचं काम उरकावं लागतं. एकदा ऊन चढलं की लोखंडी पाईप चटका देतो. हातमोजे घातले तरी देतो. भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम नंतर आला. त्याआधीची वर्षं रावजीने बिननियमाची काढली.

रावजी बाळू शिगवण, गाव संगमेश्वर तालुक्यातलं, धंदा परांची बांधणे. गावाकडे बांबू आणि सुंभ होतं. बहरीनमध्ये पाईप आले आणि पाईपाला पाईप आवळणारे कपलर आले. साहेब लोक त्याला स्कॅफोल्डिंग म्हणतात. रावजी हेल्पर म्हणून आला आणि फोरमन झाला. फोरमन झाल्यावरही त्याने आपला पहिला नियम सोडला नाही. आपण बांधलेल्या परांचीवर पहिला पाय आपला. टोकापर्यंत चढायचं, एकेक जोड हाताने हलवून बघायचा, खाली यायचं आणि मगच शिडीपाशी हिरवा टॅग लावायचा. तो टॅग दिसल्याशिवाय रंगारी चढत नाही आणि इंजिनिअरही चढत नाही.

"मफी टॅग, मफी काम," रावजी पोरांना दरडावायचा. टॅग नाही, तर काम नाही.

त्याच्या टॅगवर चढलेला एकही माणूस कधी पडला नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्यासाठी पाना किती वेळा फिरवावा लागतो, ते ज्याने फिरवला त्यालाच ठाऊक.

या धंद्यात एक गोष्ट मात्र सोसावी लागते. गवंड्याला त्याची भिंत दाखवता येते. सुताराला दार दाखवता येतं. परांचीवाल्याला शेवटी आपलं काम आपल्याच हाताने सोडवून ट्रकवर चढवावं लागतं. भिंतीवर ओरखडासुद्धा राहता कामा नये. काम चोख झालं याची खूण हीच, की जागेवर काही उरत नाही.

रत्नाबाई, म्हणजे त्याची बायको, बरीच वर्षं गावीच होती. रावजी फोरमन झाला तेव्हा फॅमिली व्हिसा मिळाला आणि ती मुलगी श्रेयाला घेऊन बहरीनला आली. आली त्याच महिन्यात एका शुक्रवारी रावजी तिला हूरा नावाच्या भागात घेऊन गेला. तिथल्या एका नव्या उंच हॉटेलाची परांची त्याच्या टोळीने बांधली होती. रत्नाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काचेच्या दारापाशी गार्ड पुढे आला.

"रूम नंबर?"

"रूम नही. सिर्फ देखने का है."

"सिर्फ देखने का नहीं चलता, चाचा. बुकिंग चाहिए."

पोरगा बोलला अदबीनेच. त्याची नोकरी होती ती. रावजी मागे फिरला आणि फुटपाथवरून बोट वर करून म्हणाला, "तो वरचा कोपरा दिसतो? तिथं मी उभा व्हतो."

रत्नाबाईने मान मागे टाकून बघितलं. "तिथं तर काच हाय."

"तवा नव्हती."

"मग उभे कशावर व्हतात?"

यावर रावजीला काही दाखवता येईना. ज्यावर उभा होता ते कधीच ट्रकमधून निघून गेलं होतं. दोघांनी टपरीवर कडक चहा घेतला आणि बसने घरी आली. पण बाईला समोरच्या दाराने आत नेता आलं नाही, ही गोष्ट रावजीच्या मनातून गेली नाही.

पुढे कधीतरी साईटवरच्या केबिनमध्ये एक कॅलेंडर लागलं. पाईपच्या कंपनीचं. त्यावर व्हिएन्नाच्या जुन्या चर्चचा फोटो होता. दगडी मनोरा, सुईसारखा निमुळता, शेकडो वर्षांचा. रावजी चहाचा कप घेऊन त्यासमोर उभा राहायचा. एवढ्या उंच दगड चढवले तेव्हा परांची लाकडाची आणि दोराची असणार. बांधणारा कोण होता, त्याचं नाव कुठेही नसणार.

"साहेब, इसमें अंदर जाने को क्या लगता है?" त्याने एकदा इंजिनिअरला विचारलं.

"चर्च है, रावजी. कोई भी जा सकता है."

"गेटवर कोण अडवत नाय?"

"कोणी नाही." इंजिनिअर पुण्याचा होता.

ते "कोणी नाही" रावजीने मनात जपून ठेवलं.

यंदा तो साठीचा झाला. डिसेंबरनंतर व्हिसा वाढणार नव्हता. त्याच्या आत एक रजा शिल्लक होती. एका संध्याकाळी जेवताना त्याने जाहीर केलं, "ह्या रजेला गावाला नाय जायाचं."

रत्नाबाईच्या हातातली पळी थांबली. "गावात काय झालं?"

"काय नाय झालं. डिसेंबरला कायमचेच जातोय. ही रजा व्हिएन्नाला."

"तिकडं कोण हाय आपलं?"

"कोणी नाय."

"मग जायाचं कोणाकडं?"

श्रेया हसायला लागली. ती आता माहूजमध्ये एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि घरात निम्मं बोलणं इंग्रजीत करते. "आई, इट्स अ शॉर्ट ब्रेक. कोणाकडे नाही जायचं. नुसतं फिरायचं, बघायचं, परत यायचं."

"नुसतं बघायला एवढ्या लांब?"

"हूऱ्यात नुसतं बघू दिलं नाय," रावजी म्हणाला. "म्हणून लांब."

रत्नाबाईने नवऱ्याकडे बघितलं. मग आमटी वाढली. म्हणजे हरकत नव्हती.

साईटवर जमालुद्दीनला हे पटेना. चितगावचा हा माणूस रावजीचा जुना जोडीदार. एक पाईप दोघांनी उचलायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. आखातातला माणूस रजा घेतो ती गावासाठी. रजेच्या महिनाभर आधीपासून कार्टन भरतो, सुतळीने आवळतो, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहितो. ज्या रजेत कार्टन नाही ती जमालुद्दीनच्या हिशेबी रजाच नव्हती.

"रावजीभाई, उधर तेरा कौन है?"

"कोई नहीं."

"तो कार्टन किसके लिए बांधेगा?"

"नहीं बांधेगा."

"खलास," जमालुद्दीनने बाकीच्यांना सांगितलं, "बुढ्ढा पागल हो गया."

घरी तरी कार्टन आलंच. रत्नाबाईने ते कपाटावरून काढून पुसून ठेवलं आणि त्यात चकल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि सोड्यांचा डबा भरायला घेतला. सोडे म्हणजे वाळवलेली सोललेली कोळंबी. वास असा की शेजारच्या बिल्डिंगला कळावं.

"आई! हॉटेलवाले फायर ब्रिगेड बोलावतील."

"बोलावू देत. त्यांना पण वाढीन."

व्हिसाच्या काउंटरवर श्रेयाने रजा टाकून दोघांना नेलं. काउंटरवरची बाई हिंदीत विचारत होती. कुठे जाणार, किती दिवस, पहिल्यांदाच का. रावजी छातीशी हात बांधून उत्तरं देत होता, साईटवर सेफ्टी ऑफिसरला देतो तशी.

"आपका खर्चा कौन उठाएगा? कोई स्पॉन्सर?"

हा प्रश्न रावजीला पाठ होता. बहरीनमध्ये पाय ठेवल्यापासून जिथे जाईल तिथे हाच प्रश्न आणि त्याचं एकच उत्तर. त्याने आयडी कार्ड पुढे सरकवलं आणि कंपनीच्या मालकाचं नाव बापाच्या, आजोबाच्या नावासकट खडाखडा सांगितलं.

"ये आपको व्हिएन्ना भेज रहे हैं?"

"बाबा, नो!" श्रेया पुढे वाकली. "इथे मालकाचं नाव नाही द्यायचं. खर्च तुम्ही करताय ना? मग तुमचे स्पॉन्सर तुम्हीच."

"मीच माझा?"

"हो."

"असं चालतं?"

"चलता है, अंकल," काउंटरवरची बाईही हसली.

रावजीने हात सोडले. खुर्चीत जरा सरळ बसला. "तो लिखो. रावजी बाळू शिगवण." आणि ती लिहिते आहे की नाही ते वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ही गोष्ट सगळ्यांना कळली. जमालुद्दीनने त्याला दिवसभर "कफील साहब" म्हणून हाक मारली. कफील म्हणजे आपला व्हिसा ज्याच्या हातात तो मालक. रावजीने त्या दिवशी प्रत्येक हाकेला ओ दिली.

सहलीची आखणी त्याने साईटची करतात तशी केली. पहिल्या दिवशी फक्त पाहणी. चर्चच्या भोवती चालत एक पूर्ण फेरी, चारही बाजूंनी. मग आत, समोरच्या दाराने. राजवाडा, नदी वगैरे नंतर.

"सकाळचा उजेड कुठल्या अंगावर पडतो?" त्याने श्रेयाला विचारलं.

"बाबा, मला काय माहीत?"

"त्या फोनला इचार. आणि उघडतं कधी?"

"सहाला."

"साडेतीन ते सहा काय करायचं?"

"झोपायचं! हॉलिडेवर लोक झोपतात."

"झोपायला उम्म अल हस्सम काय वाईट हाय?"

सेफ्टी शूज घालूनच जायचा त्याचा बेत होता. चालायला त्यासारखी वस्तू नाही. श्रेयाने ते बूट बाल्कनीत टाकले आणि दुसरे आणले. ते रावजीने आठवडाभर घरात घालून फिरून पारखले. टाच बसते का, तळवा वाकतो का. पास केले. रत्नाबाई म्हणाली, "हिरवा टॅग लावा आता."

व्हिसा आला. आता फक्त तिकिटांचे आणि हॉटेलचे पैसे भरायचे होते. हूऱ्यातला राजन, श्रेयाच्या ओळखीचा ट्रॅव्हल एजंट, त्याने चर्चसमोरच्या चौकातच एक हॉटेल बघून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी या, म्हणाला.

गुरुवारी श्रेया ऑफिसातून आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"बाबा, एक प्रॉब्लेम आहे. मी आत्ताचे फोटो बघितले. लोकांनी या महिन्यात टाकलेले." तिने फोन पुढे केला. "मनोऱ्याची डागडुजी चाललीय. वर्षभर तरी चालेल म्हणे."

फोटोत मनोरा होता. पण कॅलेंडरातला सुईसारखा नव्हता. अर्ध्याच्या वरपर्यंत परांची चढली होती, बाहेरून जाळी. खाली एका बाईने लिहिलं होतं की सगळी सहल वाया गेली, पाईप बघायला एवढे पैसे घातले.

रावजीने फोन हातात घेतला. चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा. खालच्या पायापासून वर सरकत गेला. मनोरा वर निमुळता होत जातो, म्हणजे प्रत्येक मजल्याला परांची आत घ्यावी लागणार. दगड जुना, त्यात भोक पाडायची परवानगी नसणार. मग बांधली कशाच्या आधाराने? त्याने आणखी मोठं केलं. चित्र फुटलं, पण त्याला हवं ते दिसलं. मनोऱ्यालाच चारी बाजूंनी कवटाळून धरलेलं होतं. दगडाला कुठे खिळा नाही.

"चांगली बांधलेय," तो हळूच म्हणाला. "लय चांगली बांधलेय."

मग त्याच्या लक्षात आलं की रत्नाबाई समोर उभी आहे. त्याने चष्मा काढला. स्वतःचीच लाज वाटल्यासारखा फोन परत दिला.

"चर्च ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उद्या राजनला सांग, राजवाड्याजवळ हॉटेल बघ. तुझ्या आयशीला पुरी झालेली इमारत दाखवायचेय. पाईपांचा गंज तिने माझ्या कपड्यांवरनं लय धुतलाय."

रत्नाबाई कार्टनवरची सुतळी सोडून पुन्हा बांधत बसली.

शुक्रवारी तिघं राजनच्या ऑफिसात बसली. खिडकीतून, गार्डने अडवलं होतं ते काचेचं हॉटेल दिसत होतं. श्रेयाने हॉटेल बदलायचं सांगितलं, तसं राजन खूश झाला.

"मैं खुद बोलनेवाला था, अंकल. उधर खिड़की खोलो तो सामने पाईप. कस्टमर कंप्लेंट करता है. सुबह-सुबह काम चालू, टन-टन आवाज. पॅलेस के पास गार्डन व्ह्यू देता हूँ. फर्स्ट क्लास."

"दे दो," रावजी म्हणाला.

"थांबा." रत्नाबाई पहिल्यांदाच बोलली. "त्याला इचारा, काम सकाळी कितीला सुरू व्हतं तिकडं?"

राजनला मराठी कळत होती. "सात बजे होगा, आंटी."

"आणि खाली उभं ऱ्हाऊन बघितलं तर कोण हाकलतो काय?"

"नहीं, आंटी. पब्लिक का चौक है. कौन हाकलेगा?"

"मग तीच खोली दे. पाईपवाली."

"अगो, काय बोलतेस?" रावजी म्हणाला. "पाईप बघायला जातंय का कोण?"

"मी जातेय." रत्नाबाई नवऱ्याकडे वळली. राजन समोर आहे हे ती विसरली असावी. "गावात बायका इचारायच्या, तुझा घोव तिकडं काय करतो? मी सांगायची, बिल्डिंग लाईनला हाय. पुढं काय सांगू? मला तरी काय माहीत व्हतं? हिकडं आले, वाटलं आता बघीन. साईटवर बायांना घेत नाय. बसमधनं बघावं तर वर मुंग्या दिसतात. इचारलं, ह्यातले तुम्ही कंचे, तर म्हणता, मी ह्यात नाय, मी पलीकडच्या अंगाला असतो."

"असायचो पलीकडं."

"आणि काम झालं की सोडून नेता! तो बघा." तिने खिडकीतून समोरच्या हॉटेलाकडे हात केला. "तिथं काय बघू मी? काच बघू? कोपरा बघू? तुम्ही कशावर उभे व्हतात ते मला आजवर कोणी दाखवलं नाय. तिकडं चौकात उघडं बांधलेलं हाय, बघायला कोण अडवत नाय, आणि तुम्ही मला राजवाडा दाखवताय."

"ते माझं काम नाय, गो. दुसऱ्याने बांधलंय ते."

"पण कळतं ना तुम्हाला? मग सांगा मला. खालपासून वरपर्यंत. कोण कुठं उभा ऱ्हातो, काय धरतो, पाय कुठं देतो. मग चर्चमधी जाऊ. समोरच्या दाराने."

श्रेया फोनकडे बघत होती, पण फोन बंद होता.

"वरची खोली आहे का?" तिने राजनला विचारलं. "अगदी वरची. म्हणजे बाबांना वरचे जॉइंट्स दिसतील."

राजनने स्क्रीन बघितला. "सेव्हन्थ फ्लोर. स्कॅफोल्डिंग साइड." मग खात्री करायला म्हणाला, "अंकल, बाद में कंप्लेंट मत करना, हां?"

"कंप्लेंट?" रावजी म्हणाला. त्याचा आवाज मोठा झाला. "राजन, मैं देखके बताएगा उसमें कोई जोड ढीला है क्या. मुझे नही लगता. अच्छा आदमी का काम है."

त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. श्रेयाने आपलं कार्ड पुढे केलं होतं, ते त्याने बोटाने बाजूला सारलं. "मी स्पॉन्सर हाय," तो म्हणाला.

आजवर रावजीच्या पगारातून गावचं घर झालं, पोरीचं शिक्षण झालं, आईचं दुखणंखुपणं झालं. ते सगळं करावंच लागतं, कोणीही करतो. यावेळी राजनने प्रिंटरमधून कागद काढून रावजीच्या हातात दिला, तेव्हा त्याने तो वाचता येत नव्हता तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघितला, घडी न घालता रत्नाबाईकडे दिला आणि तिने तो पिशवीत सपाट ठेवला.

चर्च सहाला उघडतं. काम सातला सुरू होतं. रावजी साडेतीनला उठणार, ते काही बदलणार नाही. त्या वेळेला बसायला आता जागा झाली. सातव्या मजल्यावरची एक खोली, दोन खुर्च्या, आणि परांचीच्या बाजूला उघडणारी खिडकी.